वंशावळ: नेमकं कुठवर खोदायचं?

मदत हवी आहे. आम्ही ठाण्याचे, नौपाड्यात राहतो. बाबांच्या पंच्याहत्तरीसाठी वंशावळ करतेय. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत खापरपणजोबांपर्यंतची नावं मिळाली, पण पुरुषांचीच. मला बायका हव्यात! त्यांची माहेरं शोधायची, तर गावचं कोतवाल बुक (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) आणि जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) काढावे लागतील, तेही मोडी लिपीतले. आत्या म्हणते, "नावं पुरेत, आजोबांच्या पहिल्या लग्नाचं कशाला उकरतेस?"

थेट ओळच नीट पुरी करावी, की चुलत शाखाही घ्याव्यात? पहिल्या आजीचं नाव मी घालणारच, पण तपशील किती द्यावा? तुम्ही कुठे थांबलात? आणि ठाण्यात मोडी वाचून देणारं कुणी ओळखीचं आहे का?