शिरांवरून नाही, जबड्यावरून फाउंडेशनची शेड ठरवा

फाउंडेशनची शेड कशी निवडायची आणि कन्सीलर (डाग झाकणारं क्रीम) लावल्यावर डोळ्यांखाली राखाडी का दिसतं, असं इथे विचारलंय. मनगटाच्या शिरा हिरव्या दिसल्या तर त्वचेची छटा वॉर्म (पिवळसर), निळ्या दिसल्या तर कूल (गुलाबीसर), असं वर दोघीतिघींनी लिहिलंय. गोऱ्या त्वचेवर ते थोडंफार चालतं. पण गव्हाळ-सावळ्या रंगावर शिरा नीट दिसत नाहीत, आणि दिसल्या तर बहुतेकींच्या हिरवटच. मग सरसकट पिवळट शेड घेतली जाते आणि चेहरा हळद लावल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा गालाच्या खालच्या बाजूपासून मानेपर्यंत तीन शेडचे उभे पट्टे ओढा, १५ मिनिटं थांबा आणि दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात बघा. जो पट्टा शोधावा लागतो तो तुमचा. थांबायचं अशासाठी, की सुकताना आणि चेहऱ्याच्या तेलात मिसळल्यावर फाउंडेशन बऱ्याचदा गडद होतं. रोजचं सनस्क्रीन लावूनच जा. झिंक ऑक्साइडवालं असेल तर त्याच्या पांढुरक्या थराने शेड बदलते.

डोळ्यांखाली राखाडी का दिसतं, हे मात्र अजून कुणी लिहिलं नाही. काळ्या वर्तुळांवर थेट फिकट कन्सीलर लावला की त्यातला पांढरा रंग खालच्या निळसर-तपकिरी छटेवर बसतो आणि राख फासल्यासारखं होतं. आधी करेक्टर (काळेपणाची छटा मारणारं रंगीत क्रीम) हवा: गव्हाळ रंगाला पीच, सावळ्याला चांगला नारिंगी. तांदळाच्या दाण्याएवढा, फक्त काळ्या भागावर, अनामिकेने थोपटून. चोळलात तर तो गालावर उतरतो आणि मग तिथे केशरी डाग दिसतो. वरून त्वचेच्याच रंगाचा कन्सीलर, अगदी पातळ.