आजऱ्याकडचे तीन दगड: वालुकाश्म, चुनखडक, शेल?

माळरान: तीन नमुन्यांची नावं ठरवायची आहेत. १) आजऱ्याच्या माळावरचा गुलाबीसर, साखरेसारखा रवाळ, फार कठीण. २) काळ्या रानातला पांढरा, गाठीगाठींचा खडा, व्हिनेगरने फसफसतो. ३) रस्त्याच्या कापात दोन काळ्या थरांमधला विटकरी थर, नखाने कोरला जातो. वालुकाश्म, चुनखडक, शेल लिहू का? भिंग आणि हातोडी आहे.

कातळकोरा: शेल (चिखल दबून झालेला खडक) लिहू नका. बेसाल्टच्या (थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक) दोन थरांमधला तो लाल थर म्हणजे लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या काळात झिजून तयार झालेली, वरच्या प्रवाहाने भाजलेली माती, रेड बोल. शेल पापुद्र्यासारखा पातळ पातळ सुटतो. हा नुसता भुगा होतो. थोडा भुगा पाण्यात टाका, चिखल होईल.

दुसरा खडा चुन्याचाच, पण थरांचा चुनखडक नव्हे. मातीतून मुरणाऱ्या पाण्यातला चुना साठून गाठी होतात, आपण त्यांना चुनखडी म्हणतो. फोडून बघा, आत मातीचे कण अडकलेले दिसतील. फसफस झाली म्हणजे चुनखडक, असं धरून चालू नका. बेसाल्टच्या पोकळ्यांमधला कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, तोही फसफसतो, आणि चुन्याने सांधलेला वालुकाश्मही. त्या वालुकाश्मात फेस ओसरला की वाळूचे कण हाताला लागतात.

रेतीघाट: व्हिनेगर फार सौम्य पडतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण १० टक्के करून घ्या: ३५ टक्क्यांचं १ भाग, पाणी ३ भाग. पाण्यात ॲसिड ओतायचं, उलटं कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच. थेंब ताज्या फोडीवर टाका, कारण बाहेरच्या पृष्ठभागावर मातीतला चुना बसलेला असतो. डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला, चुनखडकासारखा दगड) अखंड असताना जवळजवळ गप्प राहतो, पूड केली की फसफसतो.

कातळकोरा: पहिल्याचं फोडीवरून ठरतं. १० पट भिंगातून बघा: फट कणांना वळसा घालून गेली असेल तर वालुकाश्म, कण कापून गेली असेल तर क्वॉर्टझाइट, म्हणजे कण एकमेकांत घट्ट जुळून कठीण झालेला वालुकाश्म. वालुकाश्माचे कण हाताने चोळल्यावर बऱ्याचदा सुटतात, क्वॉर्टझाइटचे सुटत नाहीत. चाकूने दोन्हींचे कण खरवडले जात नाहीत, म्हणून त्या कसोटीने फरक कळणार नाही. आजरा, गडहिंग्लज, चंदगड पट्ट्यात कलादगी गटाचे, म्हणजे बेसाल्टपेक्षा जुने थरांचे खडक बेसाल्टच्या खालून उघडे पडलेत. गोकाकचा धबधबा याच गटाच्या क्वॉर्टझाइटवरून पडतो. तुमचा नमुना फार कठीण आहे, त्यामुळे माझा कल क्वॉर्टझाइटकडे.

माळरान: फोडून बघितलं. फट कणांतून आरपार गेली आहे.

रेतीघाट: मग क्वॉर्टझाइट लिहा, आणि सोबत थराचा उतार नि दिशाही नोंदवा. सुटा दगड असेल तर तसं स्पष्ट लिहा. ओढ्याने वाहून आणलेला असू शकतो.