मदत हवी आहे : करोनानंतर उभे राहताच नाडी वाढते, एमआरआय आवश्यक आहे का?

माझ्या ३४ वर्षांच्या धाकट्या भावाला चार महिन्यांपूर्वी करोना झाला होता. रुग्णालयात दाखल करावे लागले नाही, ऑक्सिजनही खालावला नाही. मात्र तेव्हापासून पडून असताना ७४ असणारी त्याची नाडी उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत ११२ पर्यंत जाते, आणि एक मजला चढला तरी छातीत धडधडून कठडा धरून थांबावे लागते. रक्तदाब मात्र उभे राहिल्यावर घसरत नाही.

ईसीजी, टूडी इको, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे दाखवणारी रक्तचाचणी), थायरॉईड व हिमोग्लोबिन सामान्य असून २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून सलग ईसीजी नोंदवणारे यंत्र) केवळ सायनस टॅकिकार्डिया (लय नेहमीची, पण ठोके जलद) दिसला. पाणी व मीठ वाढवल्याने (डॉक्टरांना विचारूनच) थोडा उतार पडला. त्याला दमा असल्याने डॉक्टर बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध) देण्यास राजी नाहीत.

संसर्गानंतर हृदयाच्या स्नायूला आलेली सूज इको सामान्य असतानाही एमआरआयमध्ये दिसू शकते, हे ठाऊक आहे. तरी ही लक्षणे मला स्वायत्त चेतासंस्थेच्या (नाडी, रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या नसांच्या) बिघाडाची, म्हणजे पॉट्सची (उभे राहताच नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराची), अधिक वाटतात. अशा स्थितीत आधी टिल्ट टेबल चाचणी (टेबलावर झोपवून ते उभे कलवत नाडी व रक्तदाब मोजणे) करावी की खर्चिक एमआरआय, आणि निदान होईपर्यंत व्यायाम पूर्ण थांबवावा की बसून करण्याजोगा हलका व्यायाम चालेल?