आतड्याच्या ऑपरेशननंतर दही कधी?

ठाणेकर: सासऱ्यांच्या मोठ्या आतड्याचा तुकडा काढून दोन्ही टोकं जोडलीत, परवाच घोडबंदरला घरी आणलं. शेजारच्या काकू म्हणतायत दही चारा, चांगल्या जंतूंनी जखम लवकर भरते. खरंय का?

नेरुळची_सून: अर्धं खरं. फायबर खाऊन काही जंतू ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशींना मुख्य एनर्जी त्यातूनच मिळते, पण एन्टरोकोकस फीकॅलिस हा आतड्यातलाच जंतू मात्र जोडातलं कोलॅजनच (जोड धरून ठेवणारं प्रोटीन) कुरतडतो, शिकागोच्या टीमने २०१५ मध्ये उंदरांवर दाखवलंय. म्हणजे सगळेच जंतू चांगले नसतात, म्हणून स्वतःहून लगेच फायबर सुरू नका करू हं, दह्याचंही सर्जनलाच विचारा, काकूंना काय जातंय सांगायला!

कळवावाला: ताप आला, पोट फुगलं, दुखणं वाढलं तर थेट हॉस्पिटल. घोडबंदरचं ट्रॅफिक माहितीये ना, वाट बघत बसू नका