अनुभव धागा : रमाबाई रानडे, बायकांचं मत आणि आपल्या घरातल्या आठवणी

माझं आजोळ देवराष्ट्रे गावाच्या अगदी जवळ, सांगली जिल्ह्यात. देवराष्ट्रे म्हटलं की लोकांना यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव आठवतं. त्यांच्या जन्माच्या पन्नासेक वर्षं आधी त्याच गावात कुर्लेकरांच्या घरी यमुना नावाची मुलगी जन्मली. अकराव्या वर्षी, १८७३ साली, तिचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं आणि यमुनेची रमा झाली.

रमाबाईंचा संसार मालिकेमुळे घराघरात पोचला. पाटी, पेन्सिल, सासरच्या बायकांचा जाच हे सगळ्यांना ठाऊक झालं. मला त्यापुढचं जास्त ओढून घेतं. १९०१ मध्ये रानडे गेले, बाई तेव्हा चाळिशीच्या आत. मूलबाळ नाही. पुण्याला परत येऊन वर्षभर जवळजवळ कोणाला भेटल्याच नाहीत. आणि त्याच बाईंनी १९०९ मध्ये आपल्या घरात पुणे सेवासदन सुरू केलं, मुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं म्हणून पुण्यात बायकांना रस्त्यावर आणलं, आणि साठीला टेकल्यावर १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यातल्या स्त्री-मताधिकाराच्या चळवळीचं नेतृत्व केलं. १९२४ ला त्या गेल्या. शेवटच्या वर्षांतलं हे मोठं काम, आणि त्याबद्दल आपण फार थोडं बोलतो.

१९१९ च्या कायद्यात ब्रिटिश सरकारने बायकांच्या मताचा निर्णय स्वतः घेतलाच नाही, प्रांतांच्या कायदेमंडळांवर ढकलला. म्हणून प्रत्येक इलाख्यात वेगळं भांडावं लागलं. मद्रासपाठोपाठ मुंबई इलाख्याने १९२१ मध्ये बायकांवरची बंदी उठवली.

तुमच्या घरात रमाबाईंची, सेवासदनाची किंवा कुठल्याही आजी-पणजीच्या पहिल्या मताची आठवण असेल तर लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

वाई

माझी पणजी सेवासदनात शिकली. ती तिथे पोचली तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणजे १९२६. ती सोळाव्या वर्षी विधवा झाली होती. थोरल्या भावाने तिला पुण्याला नेण्याचं ठरवलं तेव्हा घरात दोन दिवस चूल पेटली नाही, असं ती सांगायची. तिची आई म्हणे एवढंच बोलली, "इथे राहून तरी काय करणार आहे ती?" आणि दशम्या बांधून दिल्या.

ती नर्सिंग शिकली. त्या काळी घरंदाज मुलीने परक्या पुरुषाची जखम धुवायची म्हणजे काय, हे आज कळणार नाही. सोवळं-ओवळं, जात, विधवापण, सगळं एकाच वेळी आड यायचं. पणजी म्हणायची की पहिल्या महिन्यात ड्यूटीवरून आल्यावर ती दोन-दोनदा आंघोळ करायची, सवयीने. नंतर थंडी आली आणि ती सवय आपोआप सुटली.

पुढे तिने नोकरी केली, स्वतःच्या पगारातून वाईला दोन खोल्या बांधल्या आणि त्या स्वतःच्या नावावर केल्या. धाकट्या भावाच्या मुली तिच्याकडे राहून शिकल्या, त्यातली एक माझी आजी. पणजीचा पहिला पगार किती होता ते कोणालाच माहीत नाही. त्यातून तिने आईसाठी लुगडं आणि स्वतःसाठी छत्री घेतली, हे मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ आहे.

धागाकर्ती

वाईकर, तुमची आंघोळीची गोष्ट वाचून थांबले. रमाबाईंना इंग्रजी शिकवायला एक मडम येत असे, आणि शिकवणी संपली की तिला शिवल्याबद्दल घरातल्या मोठ्या बायका त्यांना आंघोळ करायला लावत. बाईंनी ते स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. एका पिढीने जे दुसऱ्याच्या हुकमाने केलं, ते तुमच्या पणजीने सवयीने केलं आणि सोडलंही.

सोलापूर

मी रमाबाईंच्या आठवणींचं पुस्तक सासूबाईंना वाचून दाखवलं होतं, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा. रोज दुपारी अर्धा तास. मला वाटलं होतं, त्या रमेच्या बाजूने बोलतील. पण त्यांचं लक्ष सारखं रानड्यांच्या विधवा बहिणीकडे, दुर्गाआक्कांकडे. "ती चिडायची कारण तिच्या हातात पाटी कोणी दिलीच नाही ना," असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग हळूहळू कळलं की सासूबाईंना सातवीनंतर शाळेतून काढलं होतं आणि त्यांच्या पाठच्या बहिणीला मात्र मॅट्रिकपर्यंत शिकवलं. सव्वीस वर्षं मी त्या घरात होते, मला हे माहीत नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा त्या माझ्याशी महिनाभर बोलल्या नव्हत्या. मी ते मनात धरून बसले होते.

पुस्तकातल्या बायकांना आपण दुष्ट ठरवून मोकळे होतो. रमाबाईंनी तसं केलेलं नाही. गव्हर्नरसमोर मुलींच्या हायस्कूलसाठी इंग्रजीत निवेदन वाचून घरी आल्यावर त्यांना किती बोलणी खावी लागली, हे त्या लिहितात, पण त्या बायकांबद्दल एकही विखारी शब्द नाही. ते हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, १८८४ मध्ये उभं राहिलं.

उदगीर

धाग्यात एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी, म्हणून लिहितो. १९२१ चा हक्क मुंबई इलाख्यापुरता होता. आम्ही निजामाच्या राज्यात. माझ्या आजीच्या हातात मतपत्रिका आली ती थेट पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ च्या सुरुवातीला.

त्याआधी मतदारयादी करायला माणूस दारात आला. आजोबा शेतावर. चुलत्याने सांगितलं, "थोरली सून, एवढं लिहा." तो माणूस म्हणाला, असं चालत नाही, नाव पाहिजे. तेव्हा आजीने दाराआडून स्वतःचं नाव सांगितलं. सासरी नवं नाव ठेवलं होतं, तिने माहेरचं सांगितलं, आणि यादीत तेच लागलं. पुढे रेशनकार्डावर एक आणि मतदारयादीत दुसरं, असा घोळ तिच्या मरणापर्यंत चालला. तिने तो कधी दुरुस्त करू दिला नाही.

त्या निवडणुकीत देशभर सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली होती, कारण त्या फक्त अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून नोंदल्या होत्या. हा आकडा मी वाचला तेव्हा वडिलांना फोन करून सांगितला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मुंबई, परळ

रमाबाईंबद्दल आदर आहेच, पण उदगीरकरांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. १९२१ मध्ये मत मिळालं ते कोणाला? मताधिकार जमिनीचा सारा, घराचं भाडं, प्राप्तिकर यांना बांधलेला होता. पुरुषांतसुद्धा थोड्यांनाच मत होतं, आणि बायकांची घरं-जमिनी तर नवऱ्यांच्या नावावर. माझी पणजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. रोज दहा तास उभी. तिच्या नावावर चाळीतली खोलीही नव्हती, त्यामुळे त्या कायद्याने तिच्या आयुष्यात काही हललं नाही. तिला मत मिळालं ते बाबासाहेबांच्या घटनेने, आणि आमच्या घरात त्याचा दिवा आजही लावतात.

धागाकर्ती

तुमचं बरोबर आहे, आणि हे धाग्यात यायलाच हवं होतं. मी सुरुवातीला हे लिहायला हवं होतं, राहून गेलं. शिवाय आधी मिळाला तो फक्त मत देण्याचा हक्क, निवडणुकीला उभं राहण्याचा नंतर. तरीही मला १९२१ लहान वाटत नाही. बाई म्हणून मत नाही, ही अट एकदा पुसली गेल्यावर उरलेलं भांडण पैशाचं आणि जमिनीचं उरलं. ते आणखी जवळजवळ तीस वर्षं चाललं, हेही खरं.

पेडणे, गोवा

आमच्याकडे तर त्याहून उशीर. मुक्तीनंतर डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा आईने पहिल्यांदा मत दिलं. देवळातल्या उत्सवाला नेसायची ती साडी नेसून गेली होती. दहा वर्षांनी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या तेव्हा ती म्हणाली, "रांगेत उभी राहिले त्याचं चीज झालं." एवढंच आठवतं.

पुणे, कोथरूड

रमाबाईंच्या लग्नाबद्दल मला नेहमी टोचतं. विधवाविवाहाच्या बाजूने लढणारा बत्तिशीतला विधुर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करतो, वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून. माझे आजोबा रानड्यांचे भक्त, त्यांच्यासमोर हे बोलायची सोय नव्हती. एकदा बोललेच. ते म्हणाले, "चूक होती. पण त्या चुकीचं पुढे त्यांनी काय केलं ते बघ." मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटत नाही. लग्नाच्याच रात्री त्यांनी तिला तू वाचायला शिकली आहेस का म्हणून विचारलं आणि शिकवायला घेतलं, याबद्दल मात्र मनापासून आदर वाटतो. त्या यमुनेला कोणी काही विचारलं होतं का, हा प्रश्न आदरासोबत तसाच राहतो.

खानापूर तालुका

आमच्याकडून देवराष्ट्रे लांब नाही. मी पंचायतीत निवडून आले ती राखीव जागेवर. पहिलं वर्ष सभेत खुर्चीवर मी आणि बोलायला आमचे 'हे'. एकदा पाणीपुरवठ्याच्या बिलावर सही करताना मी आकडे वाचले आणि म्हटलं, हे मला समजावून सांगा, नाहीतर सही नाही. सभा अर्धा तास थांबली. नाशिकच्या हायस्कुलातलं रमाबाईंचं पहिलं भाषणसुद्धा रानड्यांनी लिहून दिलेलं होतं, हे मला पुढे एका शिबिरात कळलं. त्या दिवशी फार हलकं वाटलं.

ठाणे

हा धागा वाचून काल रात्री आईला विचारलं, तिचं पहिलं मत कधीचं. वय ७४. पहिलं नाही आठवत म्हणाली. मग भाजी निवडता निवडता आपणहून सांगितलं : १९७७ मध्ये बाबांनी घरातल्या चौघांना चिन्ह सांगितलं होतं, आणि तिने दुसऱ्याच चिन्हावर शिक्का मारला. घरी येऊन सगळ्यांना चहा केला. बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली, त्यांना कधी कळलं नाही.

मी विचारलं, मग कोणाला दिलंस? म्हणाली, ते कसं सांगेन?