प्रसूतीनंतरचा रक्तस्राव नेमका कसा मोजावा, आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत परिचारिकेने काय करावे?

प्रश्न : अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय, विदर्भ

सर्वांना नमस्कार. माझी बदली नुकतीच सर्वसाधारण वॉर्डातून प्रसूती कक्षात झाली आहे. येथील जुने केसपेपर वाचताना एक गोष्ट सतत खटकते. बाळंतपण सोपे झालेले असो वा अडलेले, रक्तस्रावाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘अंदाजे २०० मिली’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यांतल्याच काही बाळंतिणींचे हिमोग्लोबिन दुसऱ्या दिवशी दोन ग्रॅमने उतरलेले दिसते. थोडे रक्त बादलीत, थोडे चादरीत, थोडे गॉजमध्ये आणि उरलेले फरशीवर असताना त्याचा हिशेब कसा करायचा, हे मला ठाऊक नाही. मिलीलिटरच्या खुणा असलेली रक्त मोजण्याची पिशवी आमच्याकडे पुरवठ्यात येत नाही.

दुसरी शंका अधिकाराची आहे. रात्रपाळीला वैद्यकीय अधिकारी क्वार्टरवर असतात. फोन केल्यावर ते येतात, पण मधली काही मिनिटे मी आणि आया अशा दोघीच असतो. तेवढ्यात मी स्वतःहून काय सुरू करू शकते? रक्तस्राव थांबवायला मदत करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचे इंजेक्शन ट्रेमध्ये आहे, परंतु लेखी आदेशाशिवाय ते द्यायचे नाही, असे मला सांगण्यात आले आहे. शिवाय गर्भाशय आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या ॲम्प्युल उन्हाळ्यातही त्याच ट्रेमध्ये पडून असतात, याने औषधाच्या गुणात फरक पडतो का? अनुभवी ताईंनी आणि शिक्षकांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : परिसेविका, स्त्री रुग्णालय

ताई, पिशवी नसली तरी रक्त मोजता येते, फक्त त्याची तयारी बाळंतपणाच्या आधी करावी लागते. आपल्या विभागात वापरात असलेले पॅड, गॉजचे तुकडे आणि अंथरायचे कापड यांचे कोरडे वजन एकदा काट्यावर करून तो आकडा भिंतीवर लावून ठेवा. प्रसूतीनंतर भिजलेले सर्व एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून वजन करा आणि त्यातून कोरडे वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली असे धरले, की व्यवहाराला पुरेसा आकडा मिळतो. तुमच्या किडनी ट्रेमध्ये आणि बोलमध्ये किती मिली मावते, तेही एकदा पाणी भरून मोजून घ्या, कारण प्रत्येक ठिकाणची भांडी वेगळी असतात. बाळ बाहेर आल्यावर गर्भजल वाहून गेले, की भिजलेले कापड काढून तिथे नवे कोरडे कापड घालायला विसरू नका, नाहीतर गर्भजलही रक्तात धरले जाते आणि आकड्याला अर्थ राहत नाही.

मात्र वजन करत बसल्याने उपचार थांबता कामा नये. एक हात पोटावर ठेवण्याची सवय लावून घ्या. वार पडल्यानंतर गर्भाशय बेंबीच्या खाली, नारळासारखे टणक लागले पाहिजे. ते हाताला मऊ लागत असेल, बेंबीच्या वर चढले असेल किंवा एका बाजूला सरकले असेल, तर आधी मूत्राशय भरले आहे का ते पाहा. भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय नीट आकसत नाही, आणि नुसत्या कॅथेटरने रक्तस्राव आटोक्यात आल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. याउलट गर्भाशय टणक आहे आणि तरीही लालभडक धार चालूच आहे, असे दिसले तर गर्भाशयमुख किंवा योनिमार्ग फाटला असण्याची शक्यता मोठी असते. तिथे मसाज करून उपयोग नाही. चांगल्या उजेडात तपासणी करून दाब द्यावा लागतो आणि टाके घालणाऱ्याला बोलवावे लागते. वार आणि पडदे पूर्ण आले आहेत का, हे ट्रेमध्ये पसरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ‘आली वाटते’ असे कोणी सांगितले, तर ते ग्राह्य धरू नये.

प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशय आणि पॅड या चार गोष्टी पाहायच्या असतात. बाळाची गडबड, नातेवाइकांचे प्रश्न आणि पुढची केस यांत नेमके हेच राहून जाते. नाडीकडे विशेष लक्ष द्या. या बहुतेक मुली तरुण असतात, त्यांचे शरीर बराच वेळ रक्तदाब धरून ठेवते आणि मग तो एकदम कोसळतो. नाडी मात्र आधीच वाढू लागलेली असते. नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा मोठा झाला, तर कापडावर रक्त कितीही कमी दिसत असले तरी ती बाळंतीण धोक्यात आहे असे समजावे.

योनिमार्गे झालेल्या प्रसूतीत ५०० मिली ही धोक्याची रेषा मानतात, ती पार होण्याची वाट पाहू नका.

उत्तर : नर्सिंग महाविद्यालयातील शिक्षिका, बेळगाव

परिसेविका ताईंनी शेवटी जे एका वाक्यात सांगितले, त्याला आता भक्कम आधार मिळाला आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तंझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला ई-मोटिव्ह हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे खुणा असलेल्या पिशवीत रक्त मोजले जात होते आणि निदान होताच मसाज, गर्भाशय आकसणारे औषध, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सर्व एकामागून एक न करता एकत्रितपणे सुरू केले जात होते. नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांत रक्तस्रावाच्या सुमारे निम्म्याच घटना ओळखल्या गेल्या, तर या पद्धतीत ९३ टक्के ओळखल्या गेल्या. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. औषधे दोन्हीकडे तीच होती. फरक पडला तो मोजण्याने आणि न थांबण्याने. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितले, की ३०० मिली रक्त गेले असेल आणि सोबत नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल, तर ५०० मिलीची वाट न पाहता उपचार सुरू करावेत.

मोजण्याच्या पिशवीचा विषय निघाला आहे, म्हणून आमच्या भागातील एक गोष्ट आवर्जून सांगते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आकसवणाऱ्या गोळीचा एक अभ्यास केला होता, तो २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. १६२० स्त्रियांची बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात होत होती आणि गोळ्या देणे, रक्त मोजणे ही सर्व कामे आरोग्य सेविका करत होत्या. ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने दिलेल्या स्त्रियांमध्ये रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांऐवजी ६.४ टक्के आढळले. नितंबाखाली अंथरायची, खाली निमुळती होत गेलेली आणि खुणा असलेली पिशवी याच कामासाठी इथे तयार करण्यात आली. नजरेने केलेला अंदाज पिशवीतील प्रत्यक्ष मापापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी भरतो, हेही इथेच दिसून आले. तुमच्या केसपेपरवरील ‘अंदाजे २०० मिली’ला ही पार्श्वभूमी आहे, ताई, तो आकडा लिहिणाऱ्या सिस्टर निष्काळजी होत्या असे त्यावरून ठरत नाही. ज्या साधनाचा उगम आपल्या इतक्या जवळ आहे, ते आपल्याच ग्रामीण रुग्णालयांत पोहोचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मागणीपत्रात ते दर वेळी लिहीत राहा.

उत्तर : आरोग्य सेविका, आरोग्य उपकेंद्र, नंदुरबार जिल्हा

ऑक्सिटोसिनबद्दल सांगते. ते २ ते ८ अंश तापमानातच ठेवायचे असते. उन्हाळ्यात ट्रेमध्ये पडून राहिलेली ॲम्प्युल दिसायला तशीच दिसते, पण तिचा जोर कमी झालेला असतो आणि मग ‘इंजेक्शन देऊनही गर्भाशय आकसत नाही’ अशी तक्रार होते. आम्ही ती लसींच्या आयएलआरमध्ये (लसी थंड ठेवण्याच्या शीतकपाटात), लसींपासून वेगळ्या डब्यात ठेवतो आणि बाळंतीण टेबलावर आली की एक-दोन ॲम्प्युल काढून घेतो. प्रसूतीनंतर एका मिनिटाच्या आत १० युनिट स्नायूत द्यायचे, पण त्याआधी पोटाला हात लावून दुसरे बाळ नाही ना, याची खात्री करायची. शीतसाखळी जिथे टिकत नाही, तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा आधार असतो.

आमच्याकडून वरच्या रुग्णालयात पाठवायचे म्हणजे घाटरस्ता आहे. म्हणून १०८ ला फोन करायला मी रक्त थांबण्याची वाट पाहत नाही. रक्त थांबले तर गाडी परत पाठवता येते.

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ, उपजिल्हा रुग्णालय

अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांच्या बाजूने यायला हवे, म्हणून लिहीत आहे. मदतीसाठी हाक मारणे, मसाज, मूत्राशय रिकामे करणे, जाड सुईने शीर पकडून सलाईन लावणे, रक्तगटासाठी नमुना काढणे आणि ऑक्सिटोसिन सुरू करणे यांसाठी प्रशिक्षित परिचारिकेने कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. केंद्र सरकारच्या कुशल प्रसूती सहायकांसाठीच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आरोग्य सेविका आणि परिचारिका यांना ऑक्सिटोसिन देण्याची मुभा आहे. उपचारासाठी २० युनिट ५०० मिली रिंगर लॅक्टेटमध्ये घालून मिनिटाला ४० ते ६० थेंब या वेगाने सोडावे. ऑक्सिटोसिन शिरेत एकदम ढकलू नये, त्याने रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या बाबतीत वेळ फार मोलाची आहे. २०१७ चा ‘वूमन’ अभ्यास २० हजारांहून अधिक स्त्रियांवर झाला, आणि प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत हे औषध दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, असे त्यात दिसून आले. उशीर होत जाईल तसा फायदा घटत जातो आणि तीन तासांनंतर तो उरत नाही. १ ग्रॅम शिरेतून सावकाश, साधारण दहा मिनिटांत द्यायचे; अर्ध्या तासानंतरही रक्त चालू असेल तर आणखी १ ग्रॅम देता येते. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून एक स्थायी लेखी आदेश तयार करून घ्या. कोणत्या स्थितीत परिचारिकेने कोणते औषध किती द्यावे आणि फोनवर कोणाला कळवावे, हे त्यात स्पष्ट असावे. त्यावर सही आणि तारीख घेऊन तो प्रसूती कक्षात लावावा. सही करायला टाळाटाळ होत असेल, तर विषय अधिसेविकांमार्फत वैद्यकीय अधीक्षकांपर्यंत न्यावा. ही औपचारिकता आहे असे मी मानत नाही. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जात असते, आणि क्वार्टरवरून येणाऱ्या डॉक्टरला किती मिनिटे लागतात, ते तुम्हीच लिहिले आहे.

गर्भाशय आकसवणाऱ्या आणखी दोन औषधांबाबत मात्र सावध राहावे. मेथर्जिन देण्यापूर्वी रक्तदाब पाहिलाच पाहिजे. तो वाढलेला असेल किंवा हृदयविकार असेल तर ते देऊ नये. कार्बोप्रोस्ट दम्याच्या रुग्णाला देऊ नये आणि कोणालाही शिरेतून देऊ नये. भरती होताना हे दोन प्रश्न विचारून केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहून ठेवावेत, कारण रक्त वाहत असताना इतिहास विचारायला कोणालाच सुचत नाही. तसेच हिमोग्लोबिनही आधीच पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आहेत, आणि ७ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या स्त्रीला ३०० मिली रक्तही फार जड जाते.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. कोरड्या वजनांचा तक्ता मी तयार करायला घेतला आहे आणि ॲम्प्युल आजच आयएलआरमध्ये हलवल्या आहेत. एक शंका उरते : औषधे देऊनही रक्त थांबले नाही आणि गाडी यायला वेळ असेल, तर हाताने काय करावे?

उत्तर : परिसेविका, स्त्री रुग्णालय

हातमोजे घालून एक मूठ योनिमार्गातून गर्भाशयमुखाच्या पुढच्या बाजूला दाबायची, दुसऱ्या हाताने पोटावरून गर्भाशय मागून पुढे ओढायचे आणि दोन्हींमध्ये ते घट्ट दाबून धरायचे. हाताला लवकर थकवा येतो, म्हणून सोबतच्या व्यक्तीला आधीच शिकवून ठेवा आणि पाळीपाळीने धरा. कॅथेटरला कंडोम बांधून त्यात सलाईन भरण्याची पद्धतही अनेक ठिकाणी वापरतात, ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु ती प्रत्यक्ष पाहून आणि मॉडेलवर सराव करूनच करावी, नुसती वाचून करू नये. बाळंतिणीला उबदार पांघरूण घाला, पाय थोडे वर करा आणि ऑक्सिजन लावा. गाडीत बसवताना एक परिचारिका सोबत जाऊ द्या आणि तिच्या हातात चिठ्ठी द्या : प्रसूती किती वाजता झाली, मोजलेले रक्त किती मिली, कोणते औषध किती वाजता दिले, शेवटची नाडी आणि रक्तदाब किती. पुढच्या रुग्णालयाला फोन करून रक्तगट आधीच कळवला, तर बाळंतीण पोहोचेपर्यंत रक्तपेढीतून पिशवी निघालेली असते.