ट्रूबाने मायरला दिलेली धडक: निलंबन व्हायला हवं होतं का?

एडिसनचा_पम्या

नमस्कार मंडळी. मी आईस हॉकीतल्या न्यू जर्सी डेव्हिल्सचा चाहता, तेव्हा माझं मत एकतर्फी आहे हे आधीच सांगून टाकतो. ऑफिसातल्या एका रेंजर्सवाल्याशी परत तोच जुना वाद झाला. १ मे २०२३, नेवार्क, न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध प्लेऑफच्या (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्या फेरीचा सातवा सामना. आपण ४-० जिंकलो, अकिरा श्मिडने एकही गोल जाऊ दिला नाही, सगळं मान्य. पण तिसऱ्या सत्रात आपला टिमो मायर पक (बर्फावरची रबरी चकती) घेऊन मधून घुसत असताना रेंजर्सच्या जेकब ट्रूबाने त्याला असा खांदा दिला की बघवेना. मायर त्या सामन्यात परत उतरलाच नाही, पुढच्या फेरीतला कॅरोलायनाविरुद्धचा पहिला सामनाही हुकला. आणि ट्रूबाला काय? दोन मिनिटं बाहेर बसायची पेनल्टीसुद्धा नाही, चौकशी तर लांबच.

याच लीगने (एनएचएल) वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या टॉम विल्सनला एका धडकेसाठी २० सामने घरी बसवलं होतं. मग ट्रूबाला मोकळं सोडण्यात कसला न्याय? नियम नेमका काय आहे, कोणी नीट सांगेल का? बायको म्हणते, तुमच्या माणसाला लागलं म्हणून ओरडताय. तसंही असेल.

पोटोमॅककाठी

पम्या, वहिनींना नमस्कार सांग. अर्धं उत्तर त्यांनीच दिलंय.

एनएचएलचा नियम ४८ असा: धडकेत डोक्यालाच मुख्य मार बसला, आणि तो टाळता आला असता, तरच गुन्हा. दोन्ही गोष्टी लागतात, एकीवर भागत नाही. टाळता आला असता का, हे बघताना तीन कसोट्या लावतात. मारणारा सरळ अंगावर गेला, की चुकीच्या वेळी, वाकड्या कोनातून किंवा अंग वर-बाहेर फेकून त्याने डोकं टिपलं? समोरचा आधीच अशा अवस्थेत होता का, की एरवी नियमात बसणारी धडकही डोक्याला लागलीच असती? आणि ऐन वेळी त्याने मान किंवा अंग वळवलं का? किती लागलं, हे या तिन्हींत कुठेच येत नाही. दुखापतीचा विचार होतो तो गुन्हा ठरल्यावर, शिक्षा किती द्यायची तेव्हा.

आता ती क्लिप परत बघ, पण स्लो-मोशनमध्ये नको. स्लो-मोशनमध्ये प्रत्येक जण खुनी दिसतो. ट्रूबा समोरून येतो, कोपर अंगाशी, खांदा पुढे. मायर पकसाठी पुढे झुकलेला, मान खाली. मला तरी दुसरी कसोटी इथे स्पष्ट दिसते. धडक भयानक होती आणि नियमात बसणारी होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

विल्सनबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, तो आमचा माणूस. जून २०१८ मध्ये कॅपिटल्सने स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद) जिंकला, जुलैत विल्सनला सहा वर्षांचा ३ कोटी १० लाख डॉलरचा करार मिळाला, आणि ३० सप्टेंबरला सेंट लुईस ब्लूजविरुद्ध, तेही मोसम सुरू व्हायच्या आधीच्या सामन्यात, जिथे गुण नाहीत की काही पणाला लागलेलं नाही, तिथे या पठ्ठ्याने ऑस्कर सुंडक्विस्टला आडवं केलं. आडव्या कोनातून येऊन डोकं टिपलं. माझ्या अंगावर कॅपिटल्सची जर्सी होती तरी 'गेला हा' एवढंच तोंडातून निघालं.

२० आकडा आला कुठून, ते मात्र बघण्यासारखं आहे. साधारण वर्षभरातली ही त्याची चौथी शिक्षा. आधीची, पेन्ग्विन्सच्या झॅक ॲस्टन-रीसचा जबडा मोडला त्याबद्दलची, प्लेऑफमधले तीन सामने होती. लीगने प्लेऑफचा एक सामना नियमित मोसमातल्या दोनाच्या बरोबरीचा धरला, म्हणजे सहा. सुधारत नाही म्हणून त्याची तिप्पट, अठरा. सुंडक्विस्टच्या दुखापतीबद्दल आणखी दोन. झाले वीस. म्हणजे पम्या, विसातले अठरा जुन्या खात्यावरचे आणि दुखापतीचे फक्त दोन!

पुढे कमिशनर बेटमन यांनी शिक्षा कायम ठेवली, पण सहा किंवा जास्त सामन्यांची शिक्षा असेल तर त्यानंतर त्रयस्थ लवादाकडे जाता येतं. तिथे श्याम दास यांनी ती १४ वर आणली. (नाव ऐकून आमच्या मंडळातल्या एका काकांनी लगेच 'आपलाच माणूस' म्हणून नातं जोडलं.) प्लेऑफच्या सामन्यांची दुप्पट त्यांना पटली नाही. तोवर विल्सन १६ सामने बसून झाला होता. दोन कुठून परत देणार? पैसे तेवढे मिळाले: कापलेल्या १२ लाख ६० हजार डॉलरपैकी ३ लाख ७८ हजार.

माझं म्हणणं एवढंच, की शिक्षा मारणाऱ्याने काय निवडलं याची असावी, समोरचा किती दिवस झोपला याची नव्हे.

खडकीकर

धनराज पिल्ले आमच्या खडकीचा. आमच्या मैदानावरच्या हॉकीत कोणी असा खांदा दिला असता तर अंपायरने कार्ड दाखवून कधीच बाहेर काढला असता. तुम्ही मंडळी तीन कसोट्या लावत बसा, मी चहा टाकतो.

स्कारबरोची_आई

पोटोमॅककाठी, तुमचं विल्सनचं गणित वाचून ज्ञान वाढलं, पण मुद्दा पटला नाही.

माझा मुलगा इथे टोरोंटोत खेळतो. हॉकी कॅनडाने २०१३ पासून तेरा वर्षांखालच्या गटात अंगावर धडक देणंच बंद केलंय. डोक्याला लागलं तर चुकून लागलं तरी पेनल्टी. कोच मुलांना पहिल्या दिवसापासून सांगतो, समोरच्याचं डोकं ही तुझी जबाबदारी. मग हीच मुलं मोठी होऊन टीव्हीवर पाहतात की तो वाकला होता ना, मग चुकी त्याची. पकसाठी वाकायचं नाही तर काय करायचं? पक बर्फावर असतो!

आणि हा ट्रूबा एकदाच नाही हो. डिसेंबर २०२१ मध्ये शिकागोच्या जुझार खैराला त्याने असंच धरलं, खैरा स्ट्रेचरवरून गेला. पेनल्टी नाही. तुमच्या दुसऱ्या कसोटीत बसलं असणार.

शिवाय नियम काही वेदवाक्य नसतो. मार्च २०१० मध्ये मॅट कुकने मार्क सव्हार्डला मारलं, तेव्हाही 'नियमात बसतं' म्हणून कुक एक दिवसही बसला नाही. सव्हार्ड पुढच्या जानेवारीनंतर कधी खेळलाच नाही. हा नियम ४८ त्याच धडकेनंतर आला ना?

पोटोमॅककाठी

ताई, सव्हार्डचं अगदी खरं, आणि मुलांच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने. पण कुकचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे: कुक तिरका मागून आला, सव्हार्डला तो दिसतच नव्हता. त्याच्याकडे दुसरा पर्याय होता. नियम नव्हता म्हणून सुटला, मग नियम आला. मायर समोर बघत असता तर त्याला ट्रूबा दिसला असता.

तरी तुमच्यासाठी अर्धं पाऊल पुढे येतो. डोक्याला मुख्य मार बसला की कसोट्या न लावता दोन मिनिटं द्यावीत, स्टिक उंच गेली की हेतू न बघता देतात तशी. सहा फूट तीन इंचांच्या डिफेन्समनला मग खांदा खाली आणावाच लागेल. निलंबन मात्र निवड दिसली तरच. जानेवारी २०२४ मध्ये याच ट्रूबाने व्हेगासच्या पावेल डोरोफेयेव्हला कोपर मारलं आणि दोन सामने बसला. बरोबर केलं. कोपर आपोआप वर जात नाही.

आणि एक गंमत. ज्या सुंडक्विस्टला विल्सनने पाडलं, त्याच सुंडक्विस्टने २०१९ च्या फायनलच्या दुसऱ्या सामन्यात बॉस्टनच्या मॅट ग्रेल्सिकला मागून बोर्डवर (मैदानाभोवतीच्या कठड्यावर) आपटलं. त्याला मिळाला एक सामना. विल्सनइतकी पाटी भरलेली नव्हती ना.

स्कारबरोची_आई

दोन मिनिटं चालतील, सुरुवात म्हणून. पण तुमची ती गंमत पूर्ण करते. ग्रेल्सिक थेट सातव्या सामन्यात परत आला. मार खाणारा चार सामने बाहेर, मारणारा एक, आणि कप सुंडक्विस्टच्या ब्लूजने उचलला. हा हिशेब माझ्या मुलाला समजेल असा सांगून दाखवा, ट्रूबाचं मी सोडून देते.